लांब केसवाल्यांच्या खोट्या गोष्टी

अठ्ठ्याण्णव साली बी.ए. झाल्यावर मी रत्नागिरीतल्या एका साप्ताहिकात मुद्रितं तपासायला लागले. साप्ताहिक आठ पानांचं, त्यातली दोन पानं निधनवार्ता आणि पुण्यस्मरणांची. ऱ्हस्व-दीर्घ बघणं आणि एका मृताच्या फोटोखाली दुसऱ्याचं नाव जात नाही ना हे बघणं, एवढंच माझं काम. ते मी नीट करत होते. तरी एकदा एका हयात गृहस्थांचं प्रथम पुण्यस्मरण छापून गेलं, ते मात्र माझ्या आधीचं.

आमच्या संपादकांना एकाएकी तरुण वाचकांची काळजी वाटू लागली. मुंबईहून आलेल्या त्यांच्या भाच्याने सांगितलं होतं की तरुणांना इंग्रजी गाण्यांबद्दल वाचायला आवडतं. माझा थोरला भाऊ मालवाहू जहाजावर नोकरीला गेला तेव्हा इंग्रजी गाण्यांच्या अकरा कॅसेटी घरी ठेवून गेला, ही बातमी रत्नागिरीत कुणाला ठाऊक नव्हती असं नाही. संपादकांनी मला बोलावलं आणि दर आठवड्याला एक रॉक गाणं घेऊन त्याच्यामागची गोष्ट लिही म्हणाले. सातव्या पानावर, निधनवार्तांच्या लगेच आधी जागा मोकळी होती.

मी हो म्हटलं, फक्त माझं नाव नको म्हटलं. घरात माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं, आणि मुलगी रॉक ऐकते हे पत्रिकेच्या कुठल्या घरात बसवायचं हा आईपुढे प्रश्न होता. संपादकांनी मला एक भारदस्त पुरुषी टोपणनाव दिलं. खाली स्वतःच्या मनाने एक ओळही घातली, की लेखक पाश्चात्त्य संगीताचे जुने जाणकार असून त्यांचं बरंच आयुष्य परदेशात गेलं आहे. मी तोवर पूर्वेला कोल्हापूरपर्यंत गेले होते.

पहिले तीन लेख खरे होते. रद्दीवाल्याकडे एक फाटकं इंग्रजी मासिक मिळालं, त्यात तीन गाण्यांची हकिगत होती. चौथ्या आठवड्याला मासिक संपलं. कॅसेटच्या आतल्या घडीच्या कागदावर बारीक अक्षरांत गाण्याचे शब्द आणि वाजवणाऱ्यांची नावं असायची, आणखी काही नाही. शुक्रवारी दुपारी संपादक दारात उभे राहून विचारू लागले. मी त्यांना तासाभराने या म्हटलं आणि त्या तासाभरात एक गोष्ट रचली.

त्या आठवड्याच्या गाण्यात शेवटी नुसती गिटारच वाजत राहते, जवळजवळ नऊ मिनिटं. मी लिहिलं की गायक मधेच जेवायला गेला, जेवण बरं होतं म्हणून बसून राहिला, आणि गिटारवाल्याला थांबा म्हणणारं कुणी उरलं नाही. तो वाट बघत वाजवत राहिला, तेच पुढे अजरामर झालं. वाचून संपादक म्हणाले, थोर माणसांचं असंच असतं.

त्यानंतर मी मागे वळून पाहिलं नाही. अडचण एकच होती, मला त्या लोकांचं जग माहीत नव्हतं. मग मी त्यांना आपलंच जग दिलं. माझ्या लेखांतल्या प्रत्येक रॉक गायकाचा बाप त्याला कायमची नोकरी बघ म्हणायचा. एकाच्या काकाने माळा सोडला नाही म्हणून बँडला सरावाला जागा मिळेना. एका ढोलवाल्याचं लग्न ठरत नव्हतं, मुलीकडचे विचारत, वाजवतो ते ठीक आहे, पण करतो काय? एकाने आपलं सर्वांत गाजलेलं गाणं वीज गेल्यावर अंधारात बसून रचलं, आणि वीज आल्यावर दुसरं कडवं कसं होतं ते त्याला आठवेना, म्हणून पहिलंच दोनदा म्हटलं. लोकांनी हे सगळं आवडीने वाचलं. तिकडेही असंच असतं तर, हे ऐकून गावाला बरं वाटलं असावं. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले माझे बाबा रविवारी चहा घेताना लेख मोठ्याने वाचायचे. लिहिणारा माणूस फार हिंडलेला दिसतो, असं ते म्हणाले तेव्हा आई मान खाली घालून पोहे निवडत होती. तिला माहीत होतं.

पत्रंही येऊ लागली. सर्वांत जास्त मांडवीच्या एका सरांची. ते शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले, एकटेच राहायचे. दर बुधवारी त्यांचं पोस्टकार्ड यायचं. पहिल्या पाचसहा कार्डांत नुसत्या चुका असायच्या, अमुक इंग्रजी शब्दाचा उच्चार असा नाही, तमुक शब्द असा लिहीत नाहीत. मग हळूहळू प्रश्न सुरू झाले. ढोलवाल्याचं लग्न झालं का? माळा अखेर मिळाला का? मी उत्तरादाखल पुढच्या लेखात ढोलवाल्याचं लग्न लावून दिलं. नवऱ्या मुलीचा बाप तिकडचा पोस्टमास्तर होता.

नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात मी दोन भावांची गोष्ट लिहिली. माझ्या भावाच्या कॅसेटींत एक संथ गाणं होतं, त्यात गायक सारखा ब्रदर, ब्रदर म्हणतो आणि घरी ये म्हणतो. मी लिहिलं की या गायकाचं आणि त्याच्या सख्ख्या भावाचं मागच्या अंगणातल्या कुंपणावरून बिनसलं. दोघे बारा वर्षं बोलले नाहीत. मग गायकाने हे गाणं केलं. एका गावी कार्यक्रम असताना धाकटा भाऊ गर्दीत मागे येऊन उभा राहिला. गाणं संपल्यावर गायक खाली उतरला आणि म्हणाला, जेवलास का? एवढंच. लिहिताना मला स्वतःलाच जरा भरून आलं होतं, म्हणून मी ते आणखी लांबवलं नाही.

त्या बुधवारी सरांचं कार्ड आलं नाही. त्याच्या पुढच्या बुधवारीही नाही. मला वाटलं, आजारी असतील. तिसऱ्या आठवड्यात ते स्वतःच कचेरीत आले. उंच, पांढरा सदरा, हातात छत्री आणि काजूची पिशवी. त्यांना लेखकाला भेटायचं होतं. संपादक नेमके बाहेर गेले होते. लेखक परगावी असतात, असं मी सांगितलं. ते समोरच्या बाकावर बसले आणि म्हणाले, मग निरोप सांग त्यांना.

निरोप असा होता. सरांचा धाकटा भाऊ खेडला राहतो. वडिलोपार्जित आंब्याच्या कलमांच्या वाटण्या झाल्या तेव्हा मधला दगडी गडगा कुणाच्या बाजूला धरायचा आणि गडग्यावर आलेल्या फणसाचे फणस कुणाचे, यावरून दोघांचं बोलणं तुटलं. त्याला अकरा वर्षं झाली होती. सरांनी तो लेख तीनदा वाचला, सकाळच्या गाडीने खेडला गेले, भावाच्या दारात उभे राहिले आणि विचारलं, जेवलास का? भाऊ म्हणाला, सकाळी साडेदहाला कोण जेवतो?

पण त्याने आत घेतलं. दोन दिवस सर तिथे राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी फणसाचा विषय निघाला आणि दोघे पुन्हा कडाडून भांडले, पहिल्यापेक्षा जोरात, कारण अकरा वर्षांत दोघांनाही नवे मुद्दे सुचले होते. भावजयीने मध्ये पडून दोघांना जेवायला वाढलं. येताना भावाने पिशवीभर काजू दिले. आता महिन्यातून दोनदा जाणार, भांडण अर्धंच राहिलंय, असं सर म्हणाले. काजू त्यांनी लेखकासाठी माझ्याकडे ठेवले. ते गेल्यावर मी काजू घेऊन घरी गेले आणि आईला सगळं सांगितलं. आईने काजू भाजून डब्यात भरले आणि म्हणाली, "खोटं बोलून एवढं कुणी मिळवलेलं मी पाहिलं नव्हतं गो." तिचा सूर कौतुकाचा होता की दुसरा, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही.

यानंतर लिहिणं जड जाऊ लागलं. आधी मी मनाला येईल ते लिहायची. आता वाक्यावाक्याला वाटायचं, हे वाचून कुणी नोकरी सोडली तर, कुणी बायकोला आणायला गेलं तर? म्हणून मी गायकांना निरुपद्रवी गोष्टी देऊ लागले. एकाला सर्दी झाली, एकाचा कुत्रा आजारी पडला. सरांचं कार्ड आलं, की लेखकाची प्रकृती ठीक नाही का?

दोन हजार एकच्या सुमाराला बाजारात सायबर कॅफे निघाला. प्लायवूडची खुराडी, प्रत्येकात एक संगणक. मी पहिल्यांदा गेले ती दोन भावांच्या गाण्यासाठीच. पान उघडायला इतका वेळ लागला की मधे मी घाबरून एकदा उठलेही होते. शेवटी त्या गायकाच्या तीन मुलाखती सापडल्या. पहिलीत तो म्हणाला होता की हे गाणं पळून गेलेल्या कुत्र्यावर आहे. दुसरीत म्हणाला, पहिल्या बायकोवर. तिसरीत म्हणाला, ते अख्खं वर्षच त्याला आठवत नाही, गाणं कुणी लिहिलं हेही नक्की सांगता येत नाही, पण त्याचीच सही आहे म्हणजे त्यानेच लिहिलं असावं. त्याला भाऊ नव्हता. तीन बहिणी होत्या. ब्रदर म्हणजे ते लोक कुणालाही म्हणतात.

ज्यांना देव मानून मुंबईचे लोक अंगावर त्यांची चित्रं घालून हिंडतात, त्यांना स्वतःच्या गाण्याची गोष्ट सांगता येत नव्हती. मी निदान एकच गोष्ट सांगून तिच्यावर ठाम राहिले होते. तरीही बरं वाटलं नाही. त्याच संध्याकाळी मी पाखाडीच्या पायऱ्या उतरून मांडवीला सरांच्या घरी गेले.

मी पडवीतच उभ्याने सांगितलं की लेखक कुणी नाही, मीच आहे, आणि पहिल्या तीन लेखांनंतरचं सगळं मनचं आहे. सरांनी विचारलं की पोस्टमास्तरही खोटा का. मी हो म्हटलं. त्याचं त्यांना भावांपेक्षा जास्त वाईट वाटलेलं दिसलं.

"मी वर्गात कॉपी करणाऱ्याला बाहेर काढायचो," ते म्हणाले. "तू तर कॉपीसुद्धा केली नाहीस."

मला वाटलं, आता जा म्हणतील. पण त्यांनी ते गाणं आहे का विचारलं. तेव्हा कळलं की एवढ्या अडीच वर्षांत सरांनी यातलं एकही गाणं ऐकलेलं नव्हतं. त्यांच्याकडे टेपच नव्हता. उच्चार दुरुस्त केले ते शब्दकोशातून. दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेप आणि कॅसेट घेऊन गेले आणि मुलाखतींत काय काय होतं तेही त्यांना सांगितलं. सर खुर्चीत ताठ बसून, डोळे मिटून ऐकत होते. गाणं संथ सुरू होतं, पण शेवटी गायक ओरडायला लागतो, आणि ढोलवाला त्याच्यावर ओरडल्यासारखा वाजवतो. शेजारच्या बाई खिडकीत येऊन बघून गेल्या. संपल्यावर सर म्हणाले, कुत्रा हाच खरा असावा, भावाला कुणी इतकं ओरडून बोलावत नाही. मग आपण खेडला कसे बोलतो ते आठवून, त्यांनी तेही मागे घेतलं.

भावाला त्यांनी सांगायचं नाही ठरवलं. तो आता ती गोष्ट खेडच्या बाजारात सांगत होता, आणि त्याच्या सांगण्यात धाकटा भाऊ मागे उभा राहत नव्हता, थेट स्टेजवर चढत होता. पण छापलंय ते छापून दुरुस्त कर, एवढा हट्ट सरांनी माझ्याकडे धरला.

संपादक तयार नव्हते. आमच्याकडे दुरुस्ती एकदाच छापली होती, त्या पुण्यस्मरणाची, आणि ते गृहस्थ पुढल्याच महिन्यात वारल्यामुळे तीही वाया गेली होती. पण मी नोकरी सोडीन म्हटल्यावर ऐकलं. मी स्वतःच्या नावाने लेख लिहिला, की अमुक टोपणनावाने लिहिणारी मीच, आणि त्या गोष्टी मी रचलेल्या होत्या. सरांनी मुद्रित तपासलं. तीन चुका काढल्या.

त्या आठवड्यात आजवरची सर्वांत जास्त पत्रं आली, आणि एकानेही माझ्यावर विश्वास ठेवला नव्हता. परदेशात आयुष्य काढलेल्या ज्येष्ठ जाणकारांवर कालची पोरगी चिखलफेक करते, याबद्दल बहुतेकांना संताप आला होता. एका वाचकाने लिहिलं की त्या थोर लेखकांना तो स्वतः जयगडच्या जेटीवर भेटला आहे, अत्यंत नम्र गृहस्थ आहेत. बाबांनी हे पत्र मोठ्याने वाचलं. मग माझा लेख पुन्हा एकदा वाचला, चष्मा काढला, पुसला आणि आईला विचारलं की तुला ठाऊक होतं का. आईने होय म्हटलं. संध्याकाळी माझ्या खोलीच्या दारात येऊन त्यांनी हळूच विचारलं की तो गिटारवाला नऊ मिनिटं वाजवत होता तेव्हा गायक खरंच जेवत होता का, निदान तेवढं तरी.

मी म्हटलं, हो, ते खरं आहे.