बटणावरचा हात

कारखान्यात सगळे त्यांना मामाच म्हणत. सख्खी भाची मात्र एकच: वरच्या खोलीत संगणकावर बसून, मिलिंग मशीनचं कापणारं टूल पोलादातून कुठून कसं फिरेल ते आखणारी. खाली मशीन चालवणाऱ्या मामांनीच तिला इथे चिकटवलं होतं. आता तिच्या नोकरीवर गदा आली होती, कारण तिच्या प्रोग्रामवर टूलं मोडत होती. मालकांनी सकाळीच ऐकवलं होतं, "आज आणखी एक मोडलं, तर उद्यापासून तिने यायचं नाही."

तिची आखणी मामांच्या गळी कधी उतरलीच नव्हती. पूर्वी टूल सरळ जायचं, कोपऱ्याशी थबकायचं, मग वळायचं. हिचं टूल गिरक्या घेत सुसाट सुटायचं.

"अगं, सरळ जायचं सोडून हा वळसा कशाला?"

"मामा, कोपऱ्यात टूलवर एकदम भार येतो. गिरक्यांमध्ये तो सारखा राहतो, म्हणून वेग कमी करावा लागत नाही. रस्ता लांबला तरी काम लवकर उरकतं."

ऐकायला छान. पण जन्माची सवय अशी बोलून सुटते होय? मशीन किंचाळलं की टूल मोडेल या भीतीने मामा पॅनलवरचं, टूल पुढे सरकण्याच्या वेगाचं बटण हळूच मागे फिरवायचे. टूल स्वतःभोवती तितक्याच जोराने गरगरायचं, पुढे मात्र रेंगाळत सरकायचं. पोरीला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी याची वाच्यता केली नव्हती. आपण आहोत म्हणून तिचं निभतंय, अशी त्यांची पक्की समजूत.

आज जॉबचं, म्हणजे पोलादी ठोकळ्याचं, काम सुरू झालं आणि बटण फिरवणार तोच पलीकडच्या लेथची पाण्याची नळी निसटली. मामा तिकडे धावले. नळी बसवून परततात तो इकडे मशीन गप्प. गेली पोरीची नोकरी, असं म्हणत त्यांनी दार सरकवलं.

जॉब पूर्ण झाला होता. टूल शाबूत होतं, धारही जशीच्या तशी. खाली जाडसर, गरम कीस पडला होता. मामा उभे होते तेव्हा नेहमी नुसती भुकटी पडायची.

मामा हबकले. टूल कापत राहिलं की उष्णता किसाबरोबर निघून जाते, नुसतं घासत राहिलं की टूलच जळतं आणि मोडतं. ड्रिलवर रेंगाळणाऱ्या प्रत्येक नवख्याला त्यांनी यावरूनच झापलं होतं. आणि इथे भाचीचं एकेक टूल स्वतःच्या हाताने घासून जाळलं होतं.

भाची जिना उतरून आली. अख्खं टूल पाहून तिचे डोळे भरले. "मामा, तुम्ही जवळ होतात म्हणून वाचलं."

"मी नव्हतो म्हणून वाचलं. आधीची सगळी मीच मोडली, बटण मागे घेऊन."

ती हसली. "माझ्यासाठी खोटं बोलू नका हो. मालकांना पटणार आहे का हे?"

पोटच्या पोरीसारखी ही, आणि खरं सांगितलं तरी तिला ती मायाच वाटत होती. त्यांनी दुसरा जॉब चढवला आणि मालकांना बोलावून घेतलं.

"साहेब, माझ्या हाताकडे बघा," ते म्हणाले आणि त्यांनी बटण मागे फिरवलं.

नुसती भुकटी पाडत टूल मोडलं, तेव्हाही त्यांचा हात बटणावरच होता.