राखणदाराला सांगायचे राहिले

विनोदिनीबाई बदलीवर केरीच्या शाळेत रुजू झाल्या, त्याच आठवड्यात त्यांनी धाकूला पहिल्यांदा पाहिले. गावच्या शिवेवर, वडाखालच्या दगडापुढे तो अनवाणी उभा होता. हातात नारळ, मागे गावची माणसे; शिवेवरच्या देवाला गाऱ्हाणे घालणे, म्हणजे साकडे घालणे, चालले होते.

"शिवेच्या राखणदारा, जो कोण भायलो वाकडा मन घेवन येयत, तेची वाट चुकव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" माणसे गरजली.

बाई डिचोलीच्या, म्हणजे भायल्याच, बाहेरच्या. त्यांना वाटले, हे आपल्याबद्दलच चालले आहे. त्यांचा चेहरा पाहून धाकू हसला. "भिया नकात, बाईनू. तुमी येवच्या आदीच तुमचा नाव सांगान ठेवलंय."

गावात पाहुणा यायचा असला की आधी राखणदाराच्या कानावर घालायचे, हा त्याचा नेम.

निवृत्तीनंतर बाई केरीतच राहिल्या, धाकूच्या शेजारी. धाकूची लेक अश्विनी तुये गावच्या कारखान्यात कामाला जाई. तिथल्याच गौरेशशी तिचे जुळले. मुलगाही डिचोलीचा. रविवारी त्याची माणसे बोलणी करायला यायची होती. धाकूने अंगण सारवले, नवी सोलापुरी चादर अंथरली आणि आल्यागेल्याला सांगत राहिला, "डिचोली म्हणजे लांबच गे."

दुपार झाली तरी गाडीचा पत्ता नाही. मोबाइलच्या नकाशाने पाहुण्यांना आधी फेरीबोटीच्या धक्क्यावर नेले, मग कुणाच्या तरी काजूच्या बागेत.

"बाबा, ते परत वळतत!" फोन हातात धरून अश्विनी रडवेली झाली. "गौरेशची ताराआत्या म्हणता, दोनदा वाट चुकलव म्हणजे देवाच्याच मनात नाय."

धाकूने कपाळावर हात मारला. "देवाक कित्याक बोल लावतत? राखणदाराक सांगूक मीच इसारलंय! तेंका म्हण, जरा दम धरा आनी शिवेकडे येवा."

"विसरलात, की मुद्दाम?" बाईंनी हळूच विचारले.

"इसारलंय म्हणा ना, बाईनू. एकच पोर आसा माझा."

त्याने नारळ घेतला, काठी घेतली, सवयीने घोंगडी खांद्यावर टाकली आणि शिवेकडे सुटला. बाई मागोमाग. दगडापुढे चपला काढल्यावर त्याच्या ध्यानात आले, की गाऱ्हाण्याला साथ द्यायला कोणी नाही.

"मी आहे की," बाई म्हणाल्या.

"म्हाराजा, आजची गाडी भायली न्हय, सोयऱ्यांची! तेंची वाट मोकळी कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बाई अशा ओरडल्या की वडावरचे कावळे उडाले.

नारळ फुटला, आणि थोड्या वेळाने वळणावर पांढरी गाडी येऊन थांबली. ताराआत्याने काच खाली केली. वडाखाली पांढऱ्या मिशांचा अनवाणी म्हातारा, खांद्यावर घोंगडी, हातात उंच काठी. राखणदार असाच दिसतो, हे तिने लहानपणापासून ऐकलेले. ती लगबगीने उतरली, डोळे मिटून हात जोडले.

"म्हाराजा, आमी वायट मनाची न्हय. धाकूच्या घराची वाट दाखय."

धाकू बिचारा काठी लपवायला लागला. "वयनीनू, मी अश्विनीचो बापूस!"

गाडीतली माणसे पोट धरून हसली. आत्या सर्वांत जास्त. घरी पोचेपर्यंत लग्न ठरल्यातच जमा होते. बोलण्यांत फक्त तारीख उरली.

धाकू आता सत्तरीत आहे. गाऱ्हाणे अजून तोच घालतो, आणि 'व्हय म्हाराजा' म्हणायला डिचोलीहून जावई येतो.