राजनंदिनी बाईंचा गुरुवार

वडीगोद्रीच्या अलीकडं फाट्यावरून आत गेलं की जिल्हा परिषदेची एक शाळा लागते. राजनंदिनी काळे बाई तिथं शिक्षिका होऊन आल्या त्या राखीव जागेवर. पारध्याची पोर मास्तरीण झाली, हे गावाला पचायला जडच गेलं. मुख्याध्यापक भुजंगराव मात्र हसून म्हणाले, "या बाई, या. कायद्यानं आलेलं माणूस सांभाळावंच लागतं." सांभाळावं! जसं काही बाई परीक्षा देऊन आल्याच नव्हत्या, कुणीतरी गोठ्यात आणून सोडलेलं वासरू होत्या.

बाईंनी ते सोडून दिलं. लहानपणी त्या ह्याच तालुक्यात वर्गाच्या दाराशी पोत्यावर बसून शिकल्या होत्या. गावात कोंबडी हरवली तरी गुरुजी आधी त्यांच्याकडं बघायचे. फळ्यापाशी आपल्यातलं एखादं माणूस उभं असतं तर, असं तेव्हा फार वाटायचं. आता गावाबाहेरच्या पारध्यांच्या पालांवरून आकांक्षा नावाची चुणचुणीत पोरगी शाळेत येऊ लागली होती, ती बाई तिच्या बोलीत बोलतात म्हणूनच. पण खिचडीच्या रांगेत ती आपणहून सगळ्यांच्या शेवटी उभी राहायची. ह्या पोरीला मान वर करून इथं टिकवायचं, एवढं बाईंनी मनाशी धरलं होतं.

खिचडी शिजली की पोरांना वाढण्याआधी एका शिक्षकानं ती चाखायची, असा नियम. प्रत्येकाचा वार ठरलेला, बाईंचा गुरुवार. पण पहिल्याच गुरुवारी भुजंगराव आडवे आले. "राहू द्या बाई, तुम्ही पोरांचं बघा. मी चाखतो." पुढच्या गुरुवारी तेच. बाईंना वाटलं, नव्या माणसाचा भार हलका करतात बिचारे. त्यांनी चक्क आभार मानले! आठवलं की आजही त्यांच्या अंगाची लाही लाही होते.

कारण एका गुरुवारी खिचडी शिजवणाऱ्या साळूबाई चुलीपाशी सहज बोलून गेल्या, "सरांचा गुरुवारचा उपास लई कडक व्हता बघा. तुम्ही आल्यापासून मोडून राह्यले."

"का?"

साळूबाईंनी पदर तोंडाला लावला. "तुमचा हात लागला तर पोरांला खाऊ देणार न्हाई म्हणतेत गावातले."

देवाचा उपास मोडला, पण पातेल्याला पारधिणीचा हात लागू दिला नाही! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिवी दिली असती तर परत देता आली असती. ह्या माणसानं हसत हसत केसानं गळा कापला होता आणि वर आभारही घेतले होते.

भुजंगराव खिचडी वाढायचा डाव घेऊन आले तशा बाई पातेल्यापुढं उभ्या राहिल्या. "सर, आज गुरुवार हाय. तुमचा उपास."

"असू द्या हो."

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता? माझा हात नको, असं सरळ म्हणा ना!"

सरांचा आवाज खाली आला. "बाई, कायद्यानं तुम्हाला नोकरी दिली, आम्ही कुठं न्हाई म्हणलो? पण गावाचंबी मन हाय. पोरं उपाशी राह्यली, मंग?"

"त्याच कायद्यानं ही खिचडी चाखायचा वार माझा हाय. तुमच्या मेहरबानीनं न्हाई. बिलकुल न्हाई."

त्यांनी डाव ओढून घेतला, घासभर खिचडी तळहातावर घेतली आणि सगळ्यांदेखत खाल्ली. मीठ कमी होतं, तेही सांगितलं.

त्या दिवशी पोरं पोटभर जेवली. पोरांना काय, भूक लागलेली. पण संध्याकाळपर्यंत गावभर झालं, आणि पुढच्या गुरुवारी घरोघरचे डबे आले. बाईंनी खिचडी चाखली. व्हरांड्यात पोरांनी डबे उघडले. भुजंगराव भरल्या पातेल्याकडं बघून म्हणाले, "झालं समाधान?"

रांगेत आकांक्षा एकटीच होती. तरी ती पातेल्यापासून लांब, आपल्या रोजच्या जागी उभी होती. मधली सगळी जागा रिकामी.

"पुढं ये," बाई म्हणाल्या.

"आधी ती पोरं येऊ द्या की, बाई."

बाईंनी डाव पातेल्यात टाकला. त्यांनी जाऊन तिचा दंड धरला, तिला पातेल्यापाशी आणलं आणि ताटली शिगोशीग भरली.

"इथं उभं राह्यचं," त्या म्हणाल्या. "उद्या सगळे आले तरी इथंच."