दार उघडायची तालीम

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर आमच्याच दारात नाटक. बायको बाहेर उभी राहून घंटी वाजवायची आणि मी आतून दार उघडायचं. कोणी आलं तर तोंड कसं ठेवायचं, हे ती मले शिकवून राहिली होती. नातवंडं असलेल्या माणसाले! त्याच रात्री ती झोपेतच वारली. पण शनिवारच्या त्या संध्याकाळी दोघांच्याही मनात तसलं काही नव्हतं, तं मीही ते मधे आणत नाही.

झालं असं, की पोरानं या हिंदी शहराच्या नव्या भागात, तेलीबांध्याला, फ्लॅट घेतला आणि आम्हाले पुरानी बस्तीतून उचलून सातव्या माळ्यावर आणून ठेवलं. पुरानी बस्तीत ओळख करून घ्यावी लागत नव्हती. मी शिंकलो तर समोरची म्हातारी तिच्या ओट्यावरून काढा सांगायची. इथं माळ्यावर आमचं धरून चार दारं, आणि चारही बंद. बायकोनं काही दिवस पाहिलं, मग एकदा जेवता जेवता म्हणे, "अहो, इथं आपल्याले काळं कुत्रं ओळखत नाही. उद्या मी गेली तं या लोकाईले वाटंन, जुना फ्रिज खाली नेऊन राहिले."

"वाटू दे."

"मले नाही चालत. मी फ्रिज नाही."

मग तिनं बेत केला. रविवारी सकाळी सांबारवडी करायची. सांबार म्हणजे आमच्याकडं कोथिंबीर. बेसनाच्या पारीत भरून तळतात. तिन्ही दारी एकेक ताट द्यायचं. आपल्या लोकांत ताट कोणी रिकामं परत करत नाही. काहीतरी घालून आणून देतातच. म्हणजे ते आपल्या दारी येतील. आणि आले की दार कोण उघडंन? दिवसभर घरात रिकामा बसलेला मी. तिथंच तिले भरवसा नव्हता.

तिचंही चुकलं नव्हतं. पहिल्याच दिवशी लिफ्टमध्ये समोरच्या दारातला पोट्टा भेटला. भर दुपारी हाफ चड्डीत. मी विचारलं, "भैया, नौकरी छूट गई क्या?"

"नहीं अंकल, घर से काम करता हूँ."

"ऐसी चड्डी में? साहब कुछ नहीं बोलता?"

"साहब को ऊपर का शर्ट ही दिखता है, अंकल."

मी म्हटलं, बेटा, किसी दिन खडा मत हो जाना. बायकोनं असं कोपर मारलं की बरगडी दोन दिवस दुखत होती. घरात आल्यावर म्हणे, "झाली ओळख! पहिल्या झटक्यात माणसाची चड्डी काढली."

आता माझा जन्म गेला सिलतऱ्याच्या कारखान्यात, भट्टीपाशी. तिथं गोड बोलायची सोय नव्हती. ओरडलं नाही तर समोरचा भाजून निघते. शाळाही म्हणावी तशी नाही झाली. तिले हे सगळं ठाऊक होतं, तरी तिची एक तक्रार जन्मभर राहिली. मी तिले पाहायला गेलो तेव्हा मोठ्या भावानं मले बजावलं होतं, तोंड उघडशीन तं लग्न मोडंन. मी चहा पिलो, मान हलवली, उठलो. ती घरोघर सांगायची, "पाहायले आले तं एक शब्द नाही बोलले. म्हटलं, गरीब दिसते बिचारा, म्हणून हो म्हटलं. त्या दिवसापासून एक दिवस गप्प नाही. माह्यासोबत फसवणूक झाली बाप्पा."

तर ती तालीम. तिनं पदर सावरला, बाहेर गेली, दार ओढून घेतलं. घंटी वाजली. मी उघडलं.

"काय पाहिजे?"

"हे वसुलीवाल्याले विचारतात. पुन्हा."

दुसऱ्या वेळी मी "नमस्ते, बोलिए" म्हटलं. ती म्हणे, शब्द बरोबर आहेत, थोबाड ठाण्यातलं आहे. जरा हसा. मी हसलो. ती म्हणे, एवढं नका हसू, लेकरू भिईन.

तिसऱ्या वेळी ती शेजारीण झाली. आवाज बारीक केला. "अंकलजी, आंटी हैं क्या?"

"आंटी बाहर खडी है," मी म्हटलं, "अपने ही घर में खुद को ढूँढ रही है."

ती अशी हसली की भिंतीले हात टेकावा लागला. तेवढ्यात समोरचं दार उघडलं. तोच पोट्टा. म्हातारी बाहेर, म्हातारा आत, दोघंही एकमेकाले नमस्ते करून राहिलेले. "सब ठीक है, अंकल?"

मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "हव बेटा, इनको आदमी बनना सिखा रही हूँ." आणि मले आत ढकलून दार लावलं. मग स्वयंपाकघरात जाऊन कोथिंबीर निवडत बसली, मधून मधून एकटीच हसत.

रविवारी चहाले हाक मारली तर उठली नाही. डॉक्टर येऊन गेला. सून तिच्या उशाशी बसली, पोरगा फोनवर लागला. नागपूरचे नातेवाईक संध्याकाळशिवाय पोचणार नव्हते. जुन्या पाऱ्यातले, म्हणजे पुरानी बस्तीच्या मोहल्ल्यातले, निघाले होते. पोरगा मले म्हणे, "बाबा, गाडी बोल दी है. लिफ्ट से चुपचाप ले चलेंगे, यहाँ किसी को तकलीफ नहीं होगी."

चुपचाप. तिले तेच नको होतं.

मी चप्पल न घालताच बाहेर निघालो. पोरगा मागून आला. "बाबा, ऐसे कोई करता है क्या?"

"मी करून राहिलो," मी म्हटलं.

समोरची घंटी वाजवली. हसायचं की नाही, हे तिनं या वेळेसाठी सांगितलं नव्हतं. पोट्ट्यानं दार उघडलं, डोळे चोळत.

"भैया," मी म्हटलं, "मेरी घरवाली रात में गुजर गई. आज वो आपके घर आने वाली थी. अब आप आ जाओ."

 त्यानं माझा हात धरला आणि आत तोंड करून आपल्या बायकोले हाक मारली. ती ओले हात पुसत आली. तिनं विचारलं, आंटी का नाम क्या था?

मी नाव सांगितलं, मोठ्यानं, आणि पुढच्या दाराची घंटी वाजवली.