जिल्ह्यात नसलेल्या यंत्राची भाषा

अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात संगणकाची भाषा येणारा एकच माणूस होता, तो लोणारला आमच्या घरामागे राहत होता, आणि जिल्ह्यात संगणक एकही नव्हता. नागपूरला शिकताना या माणसाने, आमच्या काकाजींनी, ते यंत्र काचेआडून पाहिलं, त्याला हुकूम देण्याची फोरट्रान नावाची भाषा शिकली आणि गावी येऊन शाळेत गणित शिकवू लागले. लग्न केलं नाही. त्या भाषेत बोलायला कुणीच नव्हतं, म्हणून ते सगळ्यांशीच यंत्राशी बोलावं तसं बोलत. "वांगे ताजे असतील त अर्धा किलो. नसतील त भेंडी. भेंडी नसन त थांब." भाजीवाली म्हणे, "मी त सकाळपासून थांबूनच राह्यली बाप्पा! तुमी घेता का जाता?"

एकदा नागपूरच्या मित्राने त्या भाषेच्या नव्या आवृत्तीचं पुस्तक पाठवलं. काकाजींनी शाळेत रजा टाकली आणि पिकांच्या हिशेबापासून सरोवराच्या पाण्यापर्यंतचे आपले सगळे प्रोग्राम नव्याने लिहायला घेतले. मी म्हणालो, "काकाजी, जुने तरी कुठं चालले होते?"

"म्हून काय झालं बे? उद्या यंत्र आलं आन् म्हनलं, हे जुनं मले समजत नाही, त मी काय तोंड दाखवू?"

मी तेव्हा चळवळीची पत्रकं लिहीत असे. माणसाच्या हातचं काम यंत्राला देणं हा अन्याय आहे, असं मी मानत होतो, आजही मानतो. बुलढाण्याच्या एका कचेरीत संगणक येणार असं कळलं आणि आम्ही मोर्चा काढला. एसटीत सगळ्यांत आधी येऊन बसले ते काकाजी, प्रोग्रामांचा गठ्ठा धुतलेल्या टॉवेलात बांधून.

"तुम्ही विरोधालाच येताय ना?"

"हाव. पण आधी मले एक डाव चालवून पाहू द्या, मंग करा विरोध."

फाटकावर कचेरीचे साहेब आले आणि म्हणाले, यंत्र येणार नाही, बेत रद्द झाला. आम्ही गुलाल उधळला, घोषणांनी आवार दणाणलं. त्या गर्दीत काकाजी साहेबांना विचारत होते, "आलं असतं त पाहू देल्लं असतं का, साहेब?" ढोलाच्या आवाजात साहेबांना ते ऐकूच गेलं नाही.

परतताना मी त्यांच्याशेजारी बसलो. ते टॉवेलवरचा गुलाल झटकत होते. काहीतरी बोलावं म्हणून विचारलं, नव्या आवृत्तीत नवं काय आहे? त्यांचा चेहरा उजळला.

"तेच काम पुन्हा पुन्हा करायले लावाचं असलं का फेरा घालतात. जुन्यात थो फेरा निदान एक डाव त फिरेच, अट पुरी होवो का न होवो. नव्यात यंत्र आधी अट पाह्यते. नाही जमली त एक डावबी फिरत नाही. तसंच पुढं जाते."

"मग हे चांगलं का वाईट?"

"बरोबर हाय," ते म्हणाले, आणि लोणार येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसले.