माहेरचे वाल आणि ढेकण्या

वालावरच्या ढेकण्या किड्याला हात लावला की तो आधी वास सोडतो आणि मग खाली पडतो. कुजलेली कोथिंबीर नाकात कोंबावी तसा तो वास. साबणाने कितीही घासा, जेवताना हात तोंडाशी नेला की तो आहेच. हे मी अधिकाराने सांगते, कारण गेल्या थंडीत महिनाभर रोज सकाळी माझा हाच उद्योग होता.

निडीजवळच्या आमच्या घरामागे जमिनीचा लहानसा तुकडा आहे. तिथे मी वाल लावते. बी माझ्या आईचं, पेणचं. बाबा मिठागरात कामाला होते आणि खारट जमिनीच्या कडेला जेवढी गोडी माती होती तेवढ्यात आई वाल टोकायची. आता आई नाही. तिचं म्हणून माझ्याकडे एवढं बीच उरलंय. दोन वर्षं लावलं नाही तर ते किडून जाईल आणि मला ते सहन होणार नाही. सासरी मात्र त्यांना 'हिच्या माहेरचे वाल' म्हणतात. इतक्या वर्षांत सासूबाईंच्या तोंडून वेगळं काही ऐकलेलं नाही.

धाकट्या दिराला त्या तुकड्यावर फरशी घालून गाडी लावायची होती. त्यात शेंगा धरायला आणि ढेकण्या यायला एकच गाठ पडली. तो शेंगेत सोंड खुपसून रस पितो आणि आतला दाणा सुरकुततो. दीर फवारणीचा पंप घेऊनच उभा राहिला.

"वयनी, औषध मारा, नायतर सोडून द्या नाद."

"महिन्याभरात याच शेंगा मडक्यात भाजून पोपटी लावायची आणि आज विष मारायचं? खाणार कोण, तुमची गाडी?"

सासूबाई ओटीवर बसल्या होत्या. त्यांनी तिथूनच निकाल दिला. "भांडू नको गो. या वालाची पोपटी झाली तर ऱ्हाव दे जागा. नाय झाली तर फरशी."

मग मी पेटलेच. राख मारली, आंबट ताक शिंपडलं, लिंबोळीचं पाणी झालं. ढेकण्या ढिम्म. शेवटी मी भांबुर्डा आणला. भात कापल्यावर आमच्या शेतांत माजणारा हा उग्र वासाचा पाला. पोपटीच्या मडक्यात शेंगांभोवती हाच भरतात. वासाला वासाने पळवू, असा माझा हिशोब. त्याच्या पेंढ्या बांधून मी वालात जागोजागी ठेवल्या. दुसऱ्या दिवशी बघते तर ढेकण्या पळाला नव्हता, थंडीचा आडोसा मिळाला म्हणून पेंढ्यांतच शिरून बसला होता. मी कपाळावर हात मारला. आणि मग हसले, कारण चोर आपल्या पायाने चौकीत आला होता. रोज उजाडताच मी पेंढ्या साबणाच्या पाण्याच्या टपात झटकू लागले. थंडीने आखडलेला ढेकण्या टपाटप पडायचा. दीर दात घासत बघायचा आणि नाक दाबायचा. दाबू दे.

शेंगा भरल्या. पोपटीच्या दिवशी मी पहाटेपासून शेंगा तोडायला लागले आणि त्या गडबडीत पेंढ्या झटकायच्या राहिल्या. संध्याकाळी शेजारच्या बायका आल्या. मी शेंगांना मीठ-ओवा लावत होते. दिराला म्हटलं, रेल्वेच्या रुळांपलीकडच्या शेतातून भांबुर्डा आणा. तो फारच लवकर परत आला, हातात भारा. त्यानेच मडकं भरलं, तोंड पाल्याने बंद केलं, उपडं ठेवलं आणि भोवती जाळ केला. थोड्या वेळाने मडक्यावर पाणी शिंपडलं. चर्र होऊन उडालं, म्हणजे झाली पोपटी.

मडकं उघडलं आणि बायकांनी पदर नाकाला लावले.

"सांगितलं व्हतं," दीर म्हणाला, "वालच नासके हायत."

मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. मी काटकीने पाला उचकटला. पानापानात भाजलेला ढेकण्या.

"भावजी, पाला कुठून आणलात?"

त्याने वालाकडे बघितलं. "इथंच तर पेंढ्या बांधलेल्या व्हत्या. म्हटलं, पोपटीसाठीच ठेवल्या असतील."

कोणी हसेना. सासूबाईंनी एक शेंग उचलली आणि सोलली. दाणा हिरवागार, टपोरा, कुठे डाग नाही. त्यांनी तो तोंडात टाकला. चेहरा वाकडा झाला, पण चावत राहिल्या.

"दाना भरलाय," त्या म्हणाल्या. "वास पाल्याचा हाय."

"पन पोपटी झाली नाय ना," दीर म्हणाला. "ठरलं व्हतं तसं फरशी."

"झाली नाय कशी? मी खातेय ती काय माती हाय?" त्यांनी दुसरी शेंग घेतली. मीही त्यांच्या शेजारी बसले आणि खाऊ लागले. चव घाणच होती. आम्ही दोघी दिराकडे बघत, एकेक शेंग सोलून खात राहिलो.

तो उठून गाडीकडे निघाला तेव्हा सासूबाईंनी त्याला हाक मारली. "आनि आयक. आमच्या वालाला परत नासका म्हनू नको."

मी पुढची शेंग सोलली आणि दाणे त्यांच्या हातावर ठेवले.