लेन्सवरचं कुंकू

आमच्या कॉलेजात मायक्रोस्कोप होते, पण ते लांबून बघायला. जीवशास्त्राच्या सरांनी काचेच्या कपाटात कोंडून ठेवलेले नि किल्ली स्वतःच्या खिशात. खंडेनवमीला तेवढे बाहेर यायचे. झेंडूची माळ, हळद, उदबत्ती, सगळं रीतसर. मग सर ओल्या बोटाने कुंकू लावायचे ते बरोब्बर डोळा लावायच्या काचेवर. वर दम, की पूजेचं कुंकू पुसायचं नाही, अपशकुन होतो.

असल्या माणसाकडे आम्ही पेशी शिकलो. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पेशीभित्तिका, पेशीद्रव्य, केंद्रक, सगळं फळ्यावर. पोरं घोकायची. माझं घोकून भागणार नव्हतं. आई बाजारात मासे विकायची, अजूनही विकते. तिने बजावलं होतं, "बारावीला नीट पास झालीस तर लॅबचा कोर्स कर. नाय तर पाटी घे नि चल माझ्यासोबत." आई एकदा बोलली की बोलली.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेला सरांनी एकच मायक्रोस्कोप काढला. परीक्षक बाहेरगावचे. त्यांचं सगळं लक्ष दुपारच्या सुरमईकडे आणि नंतरच्या गणपतीपुळ्याच्या फेरीकडे.

मी कांद्याचा पापुद्रा सोलला, काचपट्टीवर पसरला, लाल रंगाचा थेंब टाकला, वर पातळ काच ठेवली. डोळा लावला. चिऱ्याच्या भिंतीसारख्या एकीला एक लागून पेशी, आणि जरा कडेला एक भलामोठा लाल गोळा. माझ्या आधीच्या पोरीने तोच केंद्रक म्हणून रंगवला होता. तिच्या आधीच्यानेही. मी काचपट्टी सरकवली. पेशी सरकल्या, गोळा जागचा हलेना. वरची लेन्स फिरवली, तर गोळा तिच्याबरोबर फिरला. म्हणजे तो कांद्यात नव्हताच, वरच्या काचेवर होता. खरी केंद्रकं बारीक, प्रत्येक पेशीत एक, भिंतीला टेकून बसलेली. मी तीच काढली.

"केंद्रक कुठाय तुझं?" परीक्षकांनी विचारलं.

"ही बारीक आहेत ती. तो गोळा कुंकवाचा आहे, सर."

आमचे सर लालबुंद झाले. "अख्ख्या वर्गाला दिसतंय नि ही मोठी शहाणी लागून गेली."

दोघांपैकी एकानेही वाकून डोळा लावला नाही. कमरेत काय उसण भरली होती देव जाणे. परीक्षकांनी माझे मार्क कापले आणि दोघे जेवायला गेले. गोळा रंगवणारे सगळे पैकीच्या पैकी. मी काठावर. कोर्सला शेवटच्या फेरीत जागा मिळाली, तोवर आईशेजारी बसून बांगडे विकले. संताप संताप झाला होता.

आता मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. गेल्या पावसाळ्यात सर आले. ताप हटत नव्हता, डॉक्टरांनी रक्तातल्या पेशी तपासायला सांगितल्या होत्या. आत पट्टीवर त्यांचंच रक्त, बाहेर बाकावर ते, हात मांड्यांत दाबून. मला कीव यायला हवी होती. नाही आली. पट्टी मात्र मी दोनदा बघितली.

मी रिपोर्ट द्यायला बाहेर आले तर सर उठून उभे राहिले. "बाळ, नीट बघितलंस ना गं?"

"हो सर," मी म्हटलं. "काच पुसून बघितलं."